चौथ्या पशूची प्रस्तावना

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, प्रबंध. विद्यापीठाचं पत्र आलं. मुदतवाढ मंजूर, ३० नोव्हेंबरपर्यंत. 'ही अखेरची' हे शब्द जाड टायपात आहेत. मागच्या चार पत्रांतही अखेरचीच होती, पण जाड नव्हती. ३० नोव्हेंबरला रविवार येतो, म्हणजे खरं तर १ डिसेंबर. सुरुवातीलाच एक दिवस हाती लागला.

विषय स्वतःसाठी पुन्हा लिहून ठेवतो, मन एकाग्र होतं. 'प्राचीन यहुदी दर्शनग्रंथांतील चार पशू: अर्थनिर्णयाचा चिकित्सक अभ्यास.' समुद्रातून एकामागून एक चार पशू वर येतात. सिंह, अस्वल, चार डोक्यांचा बिबट्या आणि चौथा, ज्याला नावच दिलेलं नाही. लोखंडी दात, दहा शिंगं. विद्वान म्हणतात ही चार साम्राज्यं, चौथं ग्रीकांचं. आमचे पाळकसाहेब म्हणतात चौथं रोमचं. माझं मत या दोघांपेक्षा वेगळं आहे. ते प्रकरण पाचमध्ये येईल.

आता फक्त लिहून काढायचं बाकी आहे. रोज आठ पानं. एकसष्ट दिवस. चारशे अठ्ठ्याऐंशी पानं. मे महिन्यात निवृत्त झालो, भूगोलाचे तास नाहीत, पेपर तपासणं नाही. कारण द्यायला काही उरलेलंच नाही.

२ ऑक्टोबर

सार्वजनिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी संशोधन करणारा माणूस पुढे आजारी पडतो. लिहिलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या उपासनेहून येताना बायकोने, एस्तेरने, विषय काढला. एंजेलाला आठवा लागतोय, पहिलं बाळंतपण, पुढच्या आठवड्यात ती येणार. तारीख १० डिसेंबर. एस्तेर म्हणाली, आतली खोली लागेल तिला.

आतली खोली म्हणजे माझी अभ्यासिका. घरात दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीतून सगळ्यांची ये-जा, आणि पंखा आवाज करतो. मी लगेच म्हणालो, अर्थातच, पंधरा तारखेच्या आत रिकामी करतो. माझी मुलगी आहे, विचार करण्याचा प्रश्नच नाही. एस्तेरने तारीख कॅलेंडरवर लिहिली. ती कोपरगावात दवाखान्यात सिस्टर आहे, तारखांच्या बाबतीत तिला विनोद कळत नाही.

१३ ऑक्टोबर

एंजेला आली. पाय सुजलेत.

१४ ऑक्टोबर

खोली रिकामी करणं व्यवहार्य नाही. शास्त्रशुद्ध पाहणी केली. पुस्तकं भिंतीप्रमाणे लावली आहेत, चार भिंती, चार पशू. सिंह पूर्वेला, अस्वल उत्तरेला. एक भिंत हलवली तर सगळं विचारचक्र विस्कटेल. हलवायचं म्हटलं तरी चार दिवस जातील, म्हणजे बत्तीस पानं. एस्तेरला हे समजावून सांगितलं. तिने फडकं घेतलं आणि बाहेरच्या खोलीतली कॉट पुसायला लागली. फक्त नोव्हेंबरअखेरपर्यंत, असं मी तीनदा सांगितलं. एंजेला म्हणाली, असू द्या पप्पा.

मुलगी समजूतदार आहे. लहानपणापासून तिला शांत वातावरण मिळालं, त्याचा हा परिणाम असावा.

१८ ऑक्टोबर. दुपारी

मोठा शोध. ग्रंथाच्या अगदी शेवटी द्रष्ट्याला सांगितलंय की शेवट व्हायला एक हजार दोनशे नव्वद दिवस लागतील. लगेच पुढच्या वाक्यात एक हजार तीनशे पस्तीस. विद्वानांचं म्हणणं असं की पहिला आकडा उलटून गेला, शेवट काही आला नाही, म्हणून कुणीतरी मागाहून दुसरा आकडा घातला. म्हणजे पंचेचाळीस दिवसांची एक्स्टेन्शन. त्या थोर यहुदी लेखकालासुद्धा मुदतवाढ घ्यावी लागली होती. फार मोकळं वाटलं. या आनंदात लिहायचं राहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

कडक उपाय. एस्तेरला सांगितलं, रोज नऊ वाजता कामावर जाताना खोलीला बाहेरून कडी घाल. बारापर्यंत कुणी उघडायची नाही, मी गयावया केली तरी. ती म्हणाली, नक्की का. मी म्हणालो, नक्की.

सकाळी १०.०५. कडी लागली आहे. खिडकीतून शेजारच्या गोरक्षचा ऊस दिसतो, बाकी काही नाही. वातावरण उत्तम.

सकाळी १०.२०. बाथरूम.

२२ ऑक्टोबर

कडीचा प्रयोग बंद. तीन दिवसांत अकरा वेळा एंजेलाला कडी काढायला उठावं लागलं. दर वेळी ती कॉटच्या कडेला धरून आधी बसते, मग उभी राहते, मग येते. तेवढा वेळ मला आत थांबावं लागायचं, एकाग्रता भंग पावायची. आज लक्षात आलं की खोलीला मागचं दार आहे आणि ते आतून उघडतं. एंजेलाला हे सांगितलं नाही. उगाच तिला वाईट वाटेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाळकसाहेब सॅमसन यांच्या आग्रहावरून मंडळीपुढे शास्त्राभ्यास घेतला. आग्रह मी सुचवला होता. विचार असा की प्रकरण तीन बोलून टाकायचं, नंतर फक्त उतरवायचं. सिंह नीट झाला. अस्वलाला थोडी चुळबूळ होती. बिबट्या म्हणजे पारसी साम्राज्य, चार डोकी म्हणजे त्यांचे चार राजे, असं म्हणालो आणि सगळे एकदम ताठ बसले. केशरबाईंनी विचारलं, शेळीवर येतंय का कुत्र्यावर. मी म्हणालो, हे प्रतीक आहे. त्या म्हणाल्या, आमची दोन करडं नेली, परतीक कसलं.

गोरक्ष मंडळीतला नाही, पण तोही मागे येऊन उभा होता. म्हणाला, सर, चार डोकी न्हाईत त्याला. येकच हाय, पन ते माझ्या उसात हाय.

पुढचा पाऊण तास पिंजऱ्यावर चर्चा झाली. चौथ्या पशूपर्यंत पोहोचता आलं नाही.

२७ ऑक्टोबर

पाळकसाहेब येऊन म्हणाले, शांतवन सर, वन खात्याला पिंजऱ्यासाठी अर्ज करायचाय, तुमच्याइतका पशूंचा अभ्यास गावात कुणाचा नाही. टाळता येईना. प्रबंधाची भाषाही त्यामुळे सैल होईल.

३ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज पूर्ण. सात दिवस, अकरा पानं, पार्श्वभूमी, पूर्वाभ्यास, संदर्भसूची. बारा वर्षांत इतक्या वेगाने कधी लिहिलं नव्हतं. म्हणजे क्षमता आहे हे सिद्ध झालं. उद्या पोस्टात टाकणार.

४ नोव्हेंबर

पिंजरा आला. गोरक्षने शनिवारी मोबाईलवरून चार ओळी पाठवल्या होत्या. माझा अर्ज जपून ठेवला आहे. प्रकरण तीनचं परिशिष्ट म्हणून चालेल.

पिंजरा माझ्या खिडकीपासून तीस फुटांवर, उसाच्या कडेला. आत आमिष म्हणून शेळी. वनरक्षक सगळ्यांना पिंजरा कसा चालतो ते समजावून सांगत होता. मला बोलावलं, मी गेलो नाही. प्रत्येक गोष्टीसाठी उठत बसलो तर झालंच.

५ नोव्हेंबर

शेळी ओरडते.

६ नोव्हेंबर

शेळी अजून ओरडते. शून्य पानं. याची जबाबदारी वन खात्याची.

९ नोव्हेंबर, रविवार

जेवताना एस्तेरने विचारलं, किती झालं. ती सहसा विचारत नाही. एंजेलाची पाठ दुखते, रात्री कूस बदलता येत नाही, कॉट अरुंद आहे, हे सगळं तिने सांगितलं आणि मग विचारलं. मी म्हणालो, नियोजनाप्रमाणे चाललंय. ती म्हणाली, नियोजन दाखवा.

दर्शनग्रंथांचं एक रहस्य इथे उपयोगी पडलं. त्यातली भाकितं घटना घडून गेल्यावर लिहिलेली असतात. लेखक राहतो नंतरच्या काळात, पण नाव घेतो चारशे वर्षांपूर्वीच्या एका ज्ञानी माणसाचं, आणि जे होऊन गेलं ते पुढे होईल म्हणून सांगतो. म्हणून ते हुबेहूब खरं ठरतं. याच पद्धतीने दुपारी ऑक्टोबरचं नियोजन तयार केलं. वाचन, चिंतन, पुस्तकांची मांडणी, पेन्सिली, बिबट्यावर क्षेत्रकार्य. सगळं शंभर टक्के पूर्ण. खाली १ ऑक्टोबर तारीख घातली.

एस्तेरने कागद वाचला. मग नोव्हेंबरचं मागितलं. अशा ग्रंथांची नेमकी हीच अडचण असते. लेखकाच्या आजच्या दिवसापर्यंत सगळं बरोबर, आणि त्याच्या पुढचं सगळं चूक. विद्वान त्यावरूनच ग्रंथ कधी लिहिला ते ओळखतात. एस्तेरला हे सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाइडचा फोन. पॉल सर फार थकलेत. म्हणाले, शांतवन, कोणतंही एक प्रकरण पाठवा, मी बाकीचं सांभाळून घेतो. तासाभरात प्रस्तावना पाठवली, नव्याने लिहिलेली. संध्याकाळी त्यांचा मेसेज. ही प्रस्तावना त्यांना २०१६ मध्येही मिळाली होती आणि तेव्हाची बरी होती.

सर आता वयामुळे तपशिलात गोंधळतात. ती २०१७ ची होती.

१९ नोव्हेंबर

नवं वेळापत्रक. बारा दिवस, रोज चाळीस पानं. अवघड नाही, सगळं डोक्यात तयार आहे. डोक्यातून कागदावर यायला हाताच्या वेगाचाच काय तो प्रश्न. त्यासाठी नवीन पेन आणलं.

एंजेलाने दारातून विचारलं, पप्पा, थोडा वेळ आत येऊन आडवी पडू का, तिथे वारं लागतं. मी म्हणालो, अकरा दिवस, बेटा.

२२ नोव्हेंबर

फोन विमान मोडवर, टेबलाच्या खणात. पुढच्या दाराला आतून कडी. बाहेर पाटी, व्यत्यय नको. आता मी आणि चौथा पशू. आणि शेळी.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७

क्रमाने लिहितो.

साडेनऊपासून शेळी सारखी ओरडत होती. विचार केला, हिच्यापुढे घासाचा चारा टाकला तर तासभर शांतता मिळेल. मागच्या दाराने निघालो, गोरक्षच्या बांधावरून घासाची पेंढी घेतली. पिंजऱ्याला बाहेरून सगळीकडे उसाचं पाचट लावलेलं, हात जाईना. पुढची बाजू मात्र उघडी होती. आत गेलो. शेळी मागच्या कप्प्यात, मध्ये गज. तीन पावलं टाकली. पायाखालची फळी किंचित खचली आणि मागे दार पडलं.

वनरक्षक बहुधा याबद्दलच सांगत होता.

दहा वाजले होते. मी पंधरा मिनिटं प्रतिष्ठेने हाका मारल्या, म्हणजे फार मोठ्याने नाही. मग घराच्या बाजूने एस्तेरचा आवाज आला, तिची आज रजा होती. अहो, अशी दोनदा हाक. मी ओ दिली. मध्ये घर, पाचट आणि शेळी. मग गोरक्षची पिकअप चालू झाली आणि गेली. मला वाटलं, तपासणीला निघाले. मनात आलं, घर रिकामं, लिहायला केवढी छान वेळ होती. हे मनात आलं होतं, म्हणून लिहून ठेवतो.

साडेतीनला गोरक्ष परत आला. पिंजऱ्याचं दार पडलेलं बघून त्याने लांबूनच काठी आपटली आणि आणखी दोघांना बोलावलं. मग पाचट बाजूला करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, सर, तुमी हाय व्हय. मग म्हणाला, लेक झाली एंजेलाताईला, येक चाळीसला, दोगी बऱ्या हायत. तिघांनी मिळून दार वर ओढलं.

तारीख १० डिसेंबर होती. सोळा दिवस आधी.

दवाखान्यात गेलो. बाळ दोन किलो सातशे. एंजेला झोपली होती. तिला घरी कळा सुरू झाल्या तेव्हा ती कॉटवरून उठून माझ्या दारापाशी आली होती म्हणे, दाराला धरून उभी होती. एस्तेर म्हणाली, मी दार वाजवलं, तिनेही वाजवलं, तुम्ही ओ दिली नाहीत. मी विचारलं, मग काळजी नाही का वाटली, मला काही झालं असेल म्हणून. ती म्हणाली, नाही, रोजच्यासारखंच वाटलं.

मी पिंजऱ्यात होतो हे तिला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली.

पिंजऱ्यात साडेपाच तास होते. पुस्तक नाही, फोन नाही, पेन नाही. बसायला जागा होती. विचार केला, प्रबंध तोंडी म्हणून काढू. सगळा डोक्यात आहेच. घड्याळ बघून अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात केली. प्रस्तावना, चार पशू, चार साम्राज्यं, दहा शिंगं, लहान शिंग, भाकितांची पद्धत, दिवसांचे आकडे. शेळी लक्ष देऊन ऐकत होती. अकरा वाजून बारा मिनिटांनी संपला.

सात मिनिटं.

मला वाटलं, घाईने म्हटला. पुन्हा सावकाश म्हटला, जागोजागी थांबून. साडेआठ मिनिटं झाली. मग प्रकरण पाच घेतलं, चौथ्या पशूबद्दल माझं स्वतःचं मत. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. माझं मत वेगळं आहे, हे बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो. काय आहे, ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पुढचे चार तास मी तेच शोधत होतो. गज मोजले. सव्वीस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोघींना घरी आणलं. त्याआधी सकाळी आतली खोली रिकामी केली. मी, एस्तेर आणि गोरक्ष. चार दिवस लागतील असा माझा अंदाज होता. चाळीस मिनिटं लागली. दर्शनग्रंथांवरची पुस्तकं तेवीस. बाकी नववीचे जुने भूगोलाचे पेपर, जगाचे नकाशे आणि वर्तमानपत्रं. एस्तेरने फरशी दोनदा पुसली, खिडकीला पडदा लावला. खरंच वारं लागतं तिथे.

बिबट्या काल दुसऱ्या गावी दिसला म्हणून पिंजरा हलवला. शेळीसकट. बाहेर फार शांतता आहे.

१ डिसेंबर, सोमवार

मुदत संपली. पाचला विद्यापीठाचं ऑफिस बंद होतं. पाच वाजेपर्यंत मी घड्याळाकडे बघत बसलो, जणू कुणीतरी येऊन घेऊन जाणार आहे.

संध्याकाळी एस्तेर बाळाची लंगोटं वाळत घालत होती, तेव्हा तिला खरं सांगितलं. म्हणालो, प्रबंध नाही. म्हणजे अर्धा नाही, थोडा नाही, मुळीच नाही. अकरा प्रस्तावना आहेत. दर वर्षी एक, एका वर्षी आजारी होतो. ती दोरीवरून हात न काढता म्हणाली, माहिती आहे, झाडताना दिसायच्या. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, पहिली दोन-तीन वर्षं वाटलं, लिहितील. मग वाटलं, बोलले तर शाळेतून आल्यावर हे कुठे बसतील.

एवढं बोलून तिने चिमटे मागितले. मी दिले. मला फार लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवतो.

पॉल सरांना फोन केला. ते म्हणाले, बरं झालं कळवलंत, देव तुमचं भलं करो. त्यांनी आवाजात आनंद लपवायचा प्रयत्न केला, तो मी ऐकून घेतला.

४ डिसेंबर, गुरुवार. रात्री

दुपारी तीनला बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलो होतो. पंखा खरोखरच आवाज करतो. कॉट खरोखरच अरुंद आहे. एस्तेर कामावर गेली होती. रोजनिशी उघडली होती, पण आता त्यात घालायला काही ठराव उरलेला नव्हता, म्हणून पेन टोपण लावून तसंच ठेवलं.

आत बाळ रडायला लागलं. चांगलं खणखणीत रडतं. मला बरं वाटत होतं ऐकून. तेवढ्यात एंजेलाचा आवाज आला, अगदी हळू, मला ऐकू जावा म्हणून नव्हेच. ती बाळाला म्हणत होती, शू, आवाज नाही करायचा, आजोबा लिहितायत.

तिच्या लहानपणी एस्तेर तिला हेच सांगायची. त्याच सुरात. तिला आता ते आपोआप येत असणार, कळतसुद्धा नसेल. बाळ दहा दिवसांचं आहे. ते गप्प झालं.

मी काही लिहीत नव्हतो. बारा वर्षांतल्या किती दुपारी एंजेला अशी गप्प बसली असेल, आणि आत मी काय करत होतो, ते मला आता नक्की माहीत आहे.

उठलो. दार लोटलेलंच होतं, ढकलून आत गेलो. एंजेला दचकून उठून बसायला लागली, बाळाला एका हाताने सावरून. रडू दे तिला, मी काही करत नाहीये, असं मला म्हणायचं होतं. मी नुसताच तिच्या अंथरुणाच्या कडेला उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग खोलीत चारी बाजूंना बघितलं, आणि विचारलं, काय राहिलंय का तुमचं इथे पप्पा, देऊ का काढून.